काकासाहेबांचा एस-शंभर

टेंभुर्णीच्या पूर्णामाई शिक्षण संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांना दोनच गोष्टी मनापासून आवडायच्या, सत्कार आणि सही. सत्कार दुसऱ्यांनी करायचा असल्यामुळे तो रोज होत नसे. सही मात्र रोज व्हायची. एकोणीस वर्षांच्या अध्यक्षपदात ती अशी काही फोफावली होती, की शेवटच्या अक्षराच्या पोटातून निघालेली रेघ कागदाच्या कडेपर्यंत जाई आणि तिथून वळून नावाखाली सतरंजी अंथरल्यासारखी पसरे.

त्यामुळे २००१ सालच्या जूनमध्ये, संस्थेच्या बैठकीत, सही करता करता त्यांच्या हातून पेन गळून पडला, तेव्हा हे आजारपण असेल असं एकाही सभासदाला वाटलं नाही.

कारणही तसंच होतं. हायस्कूलचे मुख्याध्यापक मे महिन्यात निवृत्त झाले होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव साहेबराव हिवराळे यांचं होतं. ते भीमनगरात राहायचे, विज्ञान शिकवायचे आणि सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाच्या अध्यात ना मध्यात असे दिवस काढले होते. यादीत सहावं नाव मच्छिंद्रचं होतं, आणि मच्छिंद्र हा काकासाहेबांचा सख्खा पुतण्या. संस्था घरची; घरच्या संस्थेत सहाव्याला पहिला करायला एक ठराव आणि एक सही पुरते. ठराव झाला होता. सही मात्र काकासाहेब तीन आठवडे टोलवत होते, कारण नियम साहेबरावांच्या बाजूने आहे एवढं त्यांना कळत होतं आणि मच्छिंद्रला तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. आज पेन पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, अध्यक्षांनी नवी पळवाट काढली.

काकासाहेबांनी पेन उचलायला हात पुढे केला. हात जागचा हलला नाही. त्यांना पाणी मागायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर शब्द आला, "ठराव."

पाणी, असं त्यांनी पुन्हा मनाशी म्हटलं आणि पुन्हा म्हणाले, "ठराव."

सचिवांनी प्रोसिडिंग बुकात लिहून घेतलं, 'अध्यक्षांनी ठराव मांडला, सर्वानुमते मंजूर.'

शिपाई पुंजाराम तेवढा धावत आला. त्याने अध्यक्षांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबलेला पाहिला आणि कुणाला न विचारता जीप लावायला सांगितली. जाफराबादच्या दवाखान्याकडे जाताना वाटेतच दहा-पंधरा मिनिटांत हात परत आला, वाचाही परत आली, आणि काकासाहेब म्हणाले, "चला माघारी. काही झालं न्हाई मला." पण पत्नी द्वारकाबाई गाडीत येऊन बसल्या होत्या. त्या माघारी फिरणाऱ्यातल्या नव्हत्या.

जालन्याच्या डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी केली. मेंदूकडे रक्त नेणारी डावी नस आतून चरबीने ऐंशी टक्के बुजली होती. त्या दिवशी आली ती फक्त सूचना, म्हणाले. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. पुण्याला जा, नस उघडून साफ करतात.

पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही एक अभ्यास करतोय. ऑपरेशनच्या वेळी थोडा वेळ त्या नसेतलं रक्त थांबवावं लागतं. तेवढ्यात मेंदूला इजा झाली, तर मेंदूतलं एक प्रथिन रक्तात उतरतं. एस-हंड्रेड म्हणतात त्याला. तुमचं रक्त तीनदा घेऊ, आधी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. चालेल?"

"किती जणांचा करून राह्यले अभ्यास?"

"चाळीस."

"अख्ख्या महाराष्ट्रातून?"

"जे पेशंट येतील त्यांच्यातून," बाई म्हणाल्या.

काकासाहेबांच्या कानापर्यंत 'महाराष्ट्रातून चाळीस' एवढंच पोचलं. त्यांनी ऐटीत सही केली आणि रेघेची सतरंजी कागदाच्या कडेपर्यंत नेली.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रक्त नेलं. अकराला मच्छिंद्र आला. त्याच्या एका हातात शहाळं होतं आणि दुसऱ्या हातात फाइल.

"काका, कसं वाटून राह्यलं?"

"बरं हाय," काकासाहेब म्हणाले. मानेला पट्टी होती, डोकं जड होतं, आणि मच्छिंद्र दोन दोन दिसत नसला तरी दीड दिसत होता.

"मंग एवढी सही करून टाका. शाळा बिनमालकाची पडली."

द्वारकाबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. काकासाहेबांनी सही केली. टोलवायला लागतो तो जोरच त्यांच्या अंगात नव्हता. मच्छिंद्र प्रभारी मुख्याध्यापक झाला आणि शहाळं विसरून तसाच गाडीला पळाला.

गावी परतल्यावर काकासाहेबांनी पुण्याला तीन पत्रं धाडली. आमच्या मेंदूचा निकाल कळवावा. डॉक्टरीणबाईंनी दोनदा उत्तर दिलं, की हा निकाल अभ्यासापुरता असतो, एकट्या माणसाला त्यातून काही कळत नाही. तिसऱ्या पत्राला कंटाळून त्यांनी कागद पाठवला. इंग्रजीत 'एस-१००' असा मथळा, तीन तारखा आणि तीन आकडे होते. ऑपरेशनच्या आधी ०.०८, दुसऱ्या दिवशी ०.६२, तिसऱ्या दिवशी ०.१०. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की या आकड्यांवरून कुणाहीबद्दल कसलाही निर्णय घेऊ नये.

मच्छिंद्रने तो कागद काकांना वाचून दाखवला. बारीक अक्षर त्याने सोडून दिलं.

"एस म्हंजे काय रे?"

मच्छिंद्रने अंमळ विचार केला. "स्पेशल असंल."

"आन् हे शंभर?"

"शंभरपैकी, काका. आधी तुमचा मेंदू पॉइंट शून्य आठ होता. नस साफ केली आन् पॉइंट बासष्ट झाला. जवळजवळ आठपट."

"मंग तिसऱ्या दिवशी खाली कसा आला?"

"वापरला असंल ना तुमी. माझी सही केली."

काकासाहेबांना हे बराबर वाटलं.

श्रावणात शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. मांडव, हार, फेटा, सगळं बिलकुल रीतीप्रमाणे. महाराष्ट्रातून निवडलेल्या चाळीस मेंदूंमध्ये टेंभुर्णीचा एक मेंदू आहे आणि तो आठपट निघाला, हे मच्छिंद्रने माइकवरून सांगितलं तेव्हा चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. हसनाबादचे एक पाहुणे भाषणात म्हणाले, की आमच्या तालुक्यातले मेंदू अजून कुणी मोजलेच नाहीत, ही आमच्यावरची अन्यायाची परंपरा आहे. अहवालाच्या झेरॉक्स निघाल्या. एक ग्रामपंचायतीत लागली, एक सोसायटीत, एक शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाच्या शेजारी.

या सगळ्यात काकासाहेबांनी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. सत्काराला हार घालायला आलेल्या सरपंचांना त्यांनी सरपंचांच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. लोकांनी ते जुन्या आठवणीचं प्रेम समजून टिपं पुसली. घरी सुनेला 'फुलपात्र दे' म्हणताना फुलपात्र हा शब्द सापडत नव्हता, आणि ते 'ते, ते' करत बोटाने दाखवत. पेपर वाचताना खालच्या ओळीवर गेले की वरची ओळ निसटे. अशा वेळी ते कपाटातला मूळ अहवाल काढून बघत आणि ०.६२ या आकड्यावर बोट ठेवून जरा वेळ बसत. मग बरं वाटे.

गौरी-गणपती झाल्यावर एका रविवारी सकाळी साहेबराव हिवराळे घरी आले. इतक्या वर्षांत ते या घराच्या ओसरीवर चार-पाच वेळा आले असतील, तेही संस्थेचा निरोप असला तर. हातात एक लिफाफा होता.

"या, साहेबराव," काकासाहेब म्हणाले. मच्छिंद्रला ते चारचौघांत 'सर' म्हणत. साहेबरावांना सव्वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

"मी शिक्षणाधिकारी साहेबांकडं अर्ज करून राह्यलो," साहेबराव बसत म्हणाले. "मच्छिंद्रच्या नेमणुकीवर. सेवाज्येष्ठतेचा मुद्दा त्यात हायेच. पण तुमचा अहवाल बी जोडतोय. तुमच्या माघारी केलं असं नको व्हायला, म्हणून आधी सांगायला आलो."

"माझा अहवाल? त्याचा काय संबंध?"

"नेमणुकीच्या हुकमावरची तारीख आन् अहवालातली मधली तारीख एकच हाय."

"मंग चांगलंच हाय की. त्याच दिवशी तर आकडा सगळ्यात मोठा व्हता."

साहेबराव जरा थांबले. वर्गात हुशार मुलगा ठामपणे चुकीचं उत्तर देतो तेव्हा थांबत, तसे. "काकासाहेब, ते प्रथिन मेंदूच्या आत असायला पाहिजे. रक्तात सापडलं म्हंजे बाहेर आलं. तुमच्या वाड्यामागं पाण्याची टाकी हाय. अंगणात चिखल जास्त झाला तर आपण टाकी मोठी हाय असं म्हणत न्हाई. टाकी गळून राह्यली म्हणतो."

आत द्वारकाबाई ज्वारी निवडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"म्हंजे आठपट," काकासाहेब हळूच म्हणाले.

"आठपट गळाला. पण तिसऱ्या दिवशी थांबला. तेबी अहवालातच हाय." साहेबरावांनी लिफाफ्यातून दुसरा कागद काढला. "मी पुण्याला पत्र लिहिलं व्हतं. तुमचं नाव न घेता नुसतं इचारलं, आकडा वाढला तर माणूस ठिकाणावर नसतो का. बाईंचं उत्तर आलं. म्हणतात, असा आकडा बऱ्याच लोकांचा वाढतो आन् ते ठणठणीत असतात. एवढ्यावरून काही सिद्ध व्हत न्हाई. हे पत्र बी मी अर्जाला जोडणार."

"हे तर तुमच्या इरुद्ध जातं."

"जातं. पण खरं हाय ते." साहेबराव उठले. चहा तयार होत होता. थांबा असं द्वारकाबाई आतून म्हणाल्या, पण ते थांबले नाहीत.

दुपारी मच्छिंद्र आणि संस्थेचे वकील बद्रीनाथ येऊन बसले. बद्रीनाथ वकिलांचं म्हणणं सरळ होतं. अहवालाला काही अर्थ नाही असं सांगायचं, म्हणजे सही शाबूत आणि नेमणूक शाबूत. मच्छिंद्र म्हणाला, "बराबर. अहवाल खोटा हाय म्हणू."

"चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या त्या मंग कशाला?" काकासाहेब म्हणाले. "आन् ग्रामपंचायतीत लावला तो? तुझ्याच हातानं लावला तू."

"मंग खरा हाय म्हणा."

"खरा हाय म्हणलं तर माझी टाकी गळली ना."

वकिलांना टाकीचं काही कळलं नाही, पण अशिलाचा चेहरा कळला. विचार करून सांगा म्हणून ते उठले. मच्छिंद्र गेला तो दोन दिवस इकडे फिरकला नाही.

द्वारकाबाईंनी संध्याकाळी ताट वाढलं आणि समोर बसल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. शाळेच्या कारभारात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. त्यांना तो कारभार वाटतच नव्हता.

"अवो, एक इचारू?"

"इचार."

"फुलपात्राला फुलपात्र म्हणता येत न्हाई तुमाला, दोन महिने झाले. मला दिसत न्हाई असं वाटलं का?"

काकासाहेबांचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी तुमी काय सही केली ते तुमाला तरी धड आठवतं का? मी औषधं घेऊन वर आले तर शहाळं तसंच, आन् तुमी मला इचारलं, कोण आल्तं. पुतण्या आल्ता, खाली दिसला मला, म्हणलं. तर म्हणता, कोणता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात टाकला. "जे खरं हाय तेच सांगा. आजारी माणसाला लोक हसत न्हाईत. आजारी असून खोटं बोलणाऱ्याला हसतात."

काकासाहेबांनी रात्रभर विचार केला असं नाही. गोळ्यांनी झोप लागे. पण सकाळी उठले तेव्हा त्यांच्या असं ध्यानात आलं, की आजार ही काही अगदीच टाकाऊ वस्तू नाही. सही चुकली तर माणूस चुकतो. सहीच्या वेळी मेंदू गळत असला तर माणूस सुटतो, वर चार लोक हळहळतात.

ऑक्टोबरात जालन्याला सुनावणी झाली. शिक्षणाधिकारी मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते आणि त्यांच्या टेबलावर त्या दिवशी आणखी अकरा फायली होत्या. एका बाजूला साहेबराव एकटे. दुसऱ्या बाजूला काकासाहेब, वकील आणि मच्छिंद्र.

साहेबरावांनी अर्ज वाचला, अहवाल दाखवला, आणि शेवटी पुण्याचं पत्रही पुढे ठेवलं. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"हिवराळे सर, या पत्रावरून तर असं दिसतं, की अध्यक्षांचं डोकं त्या दिवशी ठीक असू शकतं."

"हो साहेब. असू शकतं."

"न्हाई साहेब," काकासाहेब उभे राहिले. "ठीक नव्हतं."

बद्रीनाथ वकिलांनी त्यांचा सदरा खाली ओढला. काकासाहेब बसले नाहीत. "बिलकुल ठीक नव्हतं. पॉइंट बासष्ट व्हता. पुतण्या समोर उभा व्हता आन् मला वळखू येईना."

"पण डॉक्टर म्हणतायत, की एवढ्यावरून सिद्ध होत नाही."

"डॉक्टरबाईंजवळ रक्त व्हतं साहेब. डोकं माझ्याजवळ व्हतं."

अधिकाऱ्यांनी साहेबरावांकडे पाहिलं. तक्रारदार म्हणत होता अध्यक्ष शुद्धीवर असतील, आणि अध्यक्ष शपथेवर सांगत होते की नव्हतो. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असा पेच आला नव्हता. मच्छिंद्रने काकांकडे असं पाहिलं, जणू शहाळ्याचे पैसे पाण्यात गेले.

शेवटी अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अध्यक्षांच्या मेंदूचा प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. सेवाज्येष्ठतेचा येतो. यादीत पहिलं नाव हिवराळे यांचं आहे. संस्थेने आठ दिवसांत नवा आदेश काढावा." असं म्हणून त्यांनी पुढची फाइल ओढली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली होती. जूनमध्येच कुणी यादी वाचली असती तर तेवढीही लागली नसती.

नवा आदेश काकासाहेबांनी शाळेत जाऊन स्वतःच्या हाताने दिला. सही केली, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या, सर." शब्द सहज निघाला. मग इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, "एक इचारायचं व्हतं. तिसऱ्या दिवशी गळायचं थांबलं म्हणाले तुमी. मंग शब्द का सापडत न्हाईत मला?"

साहेबरावांनी हातातला आदेश टेबलावर ठेवला. "मला ठाव न्हाई, काकासाहेब. त्या बाईंना बी पुरतं ठाव नसंल. म्हणून तर अभ्यास करून राह्यल्या. पण तुमी त्यांना हे सांगायला पाहिजे. आकडा त्यांच्याजवळ हाय, हे न्हाई."

गावात मात्र काकासाहेबांची पत वाढली. आजारपणात पुतण्याने सही काढून घेतली आणि अध्यक्षांनी भर कचेरीत ती मागे घेतली, हे लोकांना भारी आवडलं. एवढंच झालं, की ज्याच्या त्याच्या तोंडी तो बासष्टचा आकडा आला. पुंजारामने अर्ज दिला, की १९९४ साली माझी वेतनवाढ रोखली तेव्हा अध्यक्षांचा आकडा किती होता ते तपासून मिळावं. सोसायटीच्या बैठकीत दोन गट भांडले आणि दोघांनी एकमेकांना रक्त तपासून यायला सांगितलं. तीर्थपुरीच्या बाजारात कुणी उधळपट्टी केली, की बायका म्हणू लागल्या, बासष्ट झाला वाटतं याचा. मच्छिंद्रने चार महिने काकांशी अबोला धरला. मग निवडणूक आली आणि तो बोलू लागला.

डिसेंबरात काकासाहेब द्वारकाबाईंना घेऊन पुण्याला गेले. डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, फुलपात्रापासून सरपंचाच्या वडिलांपर्यंत. बाईंनी मध्ये एकदाही न तोडता लिहून घेतलं. मग समोर बसवून दहा साधे शब्द वाचून दाखवले, वीस मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं, आणि म्हणाल्या, "आता मघाचे शब्द सांगा बघू, काका."

काकासाहेबांनी डोळे मिटून बोटांवर मोजत सांगितले. सहा आले. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने वाईट नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा या.

एस.टी. स्टँडवर गाडीला अवकाश होता. बाकड्यावर गावचाच एक ओळखीचा माणूस भेटला. काय म्हणले डॉक्टर, त्याने विचारलं.

"दहापैकी दहा," काकासाहेब म्हणाले.

तो माणूस कौतुक करून तिकीट काढायला गेला. द्वारकाबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि एक त्यांच्या हातावर ठेवला.

"सहा कोणते आठवले तुमाला?"

"नदी, बैल, कुलूप, आंबा." ते थांबले. "चष्मा. आन् दोर."

"मंग राह्यलेले चार कोणते व्हते?"

"ते सांगता आले असते," काकासाहेब लाडू मोडत म्हणाले, "तर राह्यले कशाला असते?"

त्या हसल्या. जरा वेळाने तेही हसले, आणि गाडी लागल्यावर दोघं उठून खिडकीची जागा धरायला गेले.